इलेक्टिव्ह निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत (रेणापूर तालुक्यापुरती)

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिक्या म्हणजे ज्याने बी.एस्सी.ला सांख्यिकी घेतलं, गणितवाले आपल्याला कमी समजतात आणि कॉम्प्युटरवाले ओळखतच नाहीत हे निमूट सोसलं, आणि आता एम.एस्सी.ला प्रवेश मिळाल्यावर ज्याच्यापुढे ‘इलेक्टिव्ह’ नावाचा रकाना येऊन उभा राहिला आहे तो. रेणापूर, पानगाव, कारेपूर, पोहरेगाव, खरोळा इथल्या वाचकांना यातल्या सूचना जशाच्या तशा लागू पडतील. औसा-अहमदपूरवाल्यांनी आपल्या जबाबदारीवर वापराव्यात. पुण्यात वाढलेल्यांनी नाही वाचल्या तरी चालेल. त्यांना कुणीतरी आठवीतच सांगून ठेवलेलं असतं.

लागणारं साहित्य: अभ्यासक्रमाची पीडीएफ एक, मोबाइलमध्ये उतरवलेली, न उघडलेली. नांदेडला किंवा पुण्याला शिकून गेलेला सीनियर एक. त्या सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स, शक्यतो वाचता येईल अशी. दर सणाला ‘मग ह्याचं पुढं काय?’ असं विचारणारा नातेवाईक, किमान एक (हे साहित्य विकत आणावं लागत नाही). स्वतःचं मत सुरुवातीला लागत नाही. असल्यास बाजूला काढून ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

पायरी १ : रकाना केवढा आहे ते मोजा

‘स्पेशलायझेशन म्हणजे आयुष्याची दिशा’ असं सांगणारा भेटला की त्याच्यापुढे क्रेडिटचा तक्ता ठेवावा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात २०२३-२४ पासून दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला ८८ क्रेडिट आहेत. त्यातले ५४ सक्तीच्या विषयांचे. संशोधन पद्धतीचे ४, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्टचे ४, संशोधन प्रकल्पाचे १०. उरले १६, म्हणजे दर सत्राला ४. आयुष्याची दिशा म्हणतात ती एवढी: शंभरातले अठरा.

तेव्हा झोप उडवून घेऊ नये. प्रॉबेबिलिटी, इन्फरन्स, लिनियर मॉडेल्स ही मंडळी तुम्हाला न विचारता सक्तीच्या रकान्यात बसलेली आहेत आणि शिकवायचं ते तीच शिकवणार आहेत. दुसरी गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. तो १० क्रेडिटचा प्रकल्प कुठल्याही एका इलेक्टिव्हच्या अडीचपट आहे आणि त्याचा विषय तुम्हाला निवडता येतो. तरी इलेक्टिव्हवर महिनाभर खल चालतो, आणि प्रकल्प शेवटच्या पंधरवड्यात आयरिसच्या फुलांवर उरकला जातो. ही दीडशे फुलं एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मोजमापातली आणि रोनाल्ड फिशरने ती १९३६ साली एका लेखात वापरली. रेणापूरच्या काळ्या मातीत आयरिस येत नाही. प्रकल्पांत त्याचं पीक दरवर्षी जोमात असतं.

पायरी २ : सीनियरला फोन लावा

सर्वमान्य पद्धत अशी की हिंजवडीत लागलेल्या सीनियरला फोन करायचा आणि त्याने घेतलेलाच इलेक्टिव्ह घ्यायचा. पद्धत उत्तम आहे. तिच्यात दोष एकच, तो तुम्हाला दुसऱ्या सत्रात सॅम्पलिंगच्या पेपरला पाच मार्कांसाठी लिहायचा आहे. ज्याला नोकरी लागली त्याचा फोन लागतो. ज्याला लागली नाही तो फोन उचलत नाही, किंवा त्याचा नंबर तुमच्याकडे नसतोच. त्या दोघांनी इलेक्टिव्ह एकच घेतलेला असण्याची शक्यता भरपूर.

लातूर जिल्ह्यात वाढलेल्याला ही गोष्ट खरं तर समजावून सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात तुम्ही अकरावी-बारावी काढली आहे. निकालानंतर चौकाचौकांत लागणाऱ्या फ्लेक्सवर हसरे चेहरे आणि त्यांचे मार्क असतात. त्या क्लासला एकूण किती मुलं बसली होती हे फ्लेक्सवर कुठंच नसतं. अंश रंगीत छापायचा आणि छेद घरी ठेवायचा, ही पद्धत तुम्ही सांख्यिकी शिकण्याच्या कितीतरी आधीपासून बघत आला आहात. सीनियरचा फोन म्हणजे तोच फ्लेक्स, फक्त आवाजातला.

तरीही फोन करावा. करताना ‘काय घेऊ?’ असं विचारू नये, त्यावर कुणीही उत्तर देतो. ‘तुझ्या बॅचला हा पेपर किती जणांनी घेतला, शिकवला कुणी, आणि आज त्यातलं कामाला काय येतं?’ असं विचारावं. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडे जरा वेळ शांतता होते आणि मग बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘एक्सेल’.

पायरी ३ : पाटी बाजूला करून आत बघा

इलेक्टिव्हच्या नावात ‘डेटा’ हा शब्द असला की रांग लागते. मशीन लर्निंग असलं तर रांग जिन्यापर्यंत जाते. घेऊ नका असं नाही म्हणत. पण त्यातले दोन वस्तूंमधलं अंतर मोजण्याचे प्रकार बघताना ‘महालनोबिस अंतर’ भेटेल तेव्हा दचकू नये. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ते १९३६ साली मांडलं. तुमच्या सक्तीच्या मल्टिव्हेरिएटच्या पेपरात ते आहेच. नवीन पाटी लावलेल्या दुकानात जुना माल बराच असतो आणि तो चांगलाही असतो. पायथन मात्र सुट्टीत घरी बसून शिकता येतं, वीज असेल तर. त्याच्यासाठी चार क्रेडिट खर्च करायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत विचाराल तर नाही.

ॲक्च्युरियल सायन्सचा पेपर घेतला म्हणजे कुणी ॲक्च्युअरी होत नाही. त्या परीक्षा इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया वेगळ्या घेते, एकेक करून, आणि पुष्कळ वर्षं. ‘आमचा पोरगा विम्यातला मोठा साहेब होणार’ असं वडिलांनी पारावर जाहीर करण्याआधी हे त्यांच्या कानावर घालावं.

बायोस्टॅटिस्टिक्सला औषध कंपन्यांची कामं आहेत आणि सर्व्हायव्हल ॲनालिसिस हा त्यातला मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारा भाग. रुग्ण अभ्यासातून मधेच निघून गेला तर त्याला मेला असं धरत नाहीत आणि जगला असंही धरत नाहीत. ‘इथपर्यंत माहीत आहे, पुढचं माहीत नाही’ अशी नोंद करून तेवढ्या अर्धवट माहितीचाही हिशोबात उपयोग करतात. सरकारी कचेरीतल्या अर्जांना हीच पद्धत लावली तर किती बरं होईल. कधी निकाली निघणार हे कुणी सांगू नये, पण अजून निघालेला नाही याची तरी नोंद राहील.

ऑपरेशन्स रिसर्चमध्ये ‘ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम’ येतो. पुस्तकात तीन कारखाने आणि चार गोदामं असतात. आपल्याला ते पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पाणी कुठून उचलायचं, वाघिणी कुठं धुवायच्या, उतरवून साठवायचं कुठं, विहिरीपासून टाकीपर्यंत कशानं न्यायचं, रिकामी गाडी परत कधी फिरवायची, हा सगळा ओ.आर.चा पेपर होता आणि तो अख्ख्या शहराने तहानलेल्या घशाने सोडवला. प्रश्नपत्रिकेत अजून मात्र तीन कारखाने आणि चार गोदामंच येतात.

टाइम सिरीजवाल्यांनी त्या पाण्याआधीचा पाऊस घ्यावा. डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्सवाल्यांनी परभणीकडे बघावं. तुमच्या घरी पेरलेल्या सोयाबीनच्या पिशवीवर ‘एमएयूएस’ ही अक्षरं असतील तर तो मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वाण आहे, आणि असा कुठलाही वाण बाहेर येण्याआधी रँडमाइज्ड ब्लॉकच्या चाचण्यांतून गेलेला असतो. जमिनीचा कस एका टोकाला जास्त नि दुसऱ्या टोकाला कमी असतो, म्हणून शेताचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळ्यात सगळे वाण चिठ्ठ्या टाकून लावायचे. फिशरने ही युक्ती इंग्लंडात रॉथॅमस्टेडच्या शेतावर शंभर वर्षांपूर्वी बसवली. आपल्याकडे ओढ्याकडची जमीन आणि माळाकडची जमीन एका भावात धरू नये एवढं प्रत्येक वाटणीत भांडलेल्या भावांना ठाऊक आहेच, त्यांनी फक्त चिठ्ठ्या टाकल्या नाहीत.

पायरी ४ : सॅम्पलिंग (इथं जरा थांबावं लागेल)

सॅम्पलिंगच्या इलेक्टिव्हला रांग नसते. नाव जुनाट, सूत्रं लांबलचक, आणि मुलाखतीत कुणी विचारत नाही. नवशिक्याने हा पेपर नाकारण्याआधी आपल्या तालुक्यात एक चक्कर मारून यावी.

पहिला मुक्काम पर्जन्यमापक. अतिवृष्टीच्या मदतीसाठी चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस ही रेघ धरली जाते, आणि ती बघितली जाते महसूल मंडळाच्या मापकावर. मंडळात गावं पुष्कळ, नोंद त्या मापकाची. ढग मंडळाच्या हद्दी वाचून बरसत नाही. मापकात ६३ पडले आणि तुमच्या वावरात बांध फुटेस्तोवर पडला, तर तुमचा पाऊस झालाच नाही. एका निरीक्षणावरून व्हेरियन्स काढता येत नाही, छेदात शून्य येतं, हे वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तहसीलसमोर उभा असलेला शेतकरी नेमकं हेच सांगत असतो. तो सिग्मा वापरत नाही, बाकी शब्द भरपूर वापरतो.

दुसरा मुक्काम लातूरचा मोंढा. सौद्यात मालाची पोटली पुढे येते, चार दाणे तळहातावर घेतले जातात, ओल बघितली जाते, डागी दाणा बघितला जातो, भाव पुकारला जातो. हा ‘पोटलीचा भाव’. संध्याकाळी पट्टीवर येतो तो भाव बघा आणि दोहोंतला फरक लिहून ठेवा. पोटली कुठल्या पोत्यातून भरली, वरच्या थरातून की तळातून, कुणी भरली, हे प्रश्न पुस्तकात ‘सिलेक्शन बायस’ या प्रकरणात आहेत. मोंढ्यात ते हमालापासून आडत्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहेत, फक्त मोठ्याने कुणी म्हणत नाही.

तिसरा मुक्काम तुमचंच शेत, ऑक्टोबरात. पीक कापणी प्रयोग. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. महाराष्ट्रात २०२३ ला एक रुपयात विमा झाला, २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया गेला आणि भरपाई पुन्हा मुख्यतः पीक कापणीच्या आकड्यांवर येऊन टेकली. योजनेच्या सूचनांप्रमाणे महसूल मंडळात एका पिकाचे किमान दहा प्रयोग. गट क्रमांक रँडम आकड्यांनी निघतो. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून मोजायला सुरुवात, पुन्हा रँडम आकड्यांची जोडी, तिथं खुंट्या, दोरी, आणि सोयाबीनला सहसा दहा बाय पाच मीटरचा तुकडा. तेवढाच कापायचा, मळायचा, तोलायचा.

आता हिशोब करा. एक तुकडा पन्नास चौरस मीटर. दहा प्रयोग, पाचशे चौरस मीटर, म्हणजे जेमतेम पाच गुंठे. मंडळातल्या हजारो एकरांवर यंदा काय पिकलं याचा अंदाज या पाच गुंठ्यांवरून बांधतात. मग मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घेऊन सरासरी काढतात, तिला जोखीमस्तर लावतात, सत्तर टक्के धरला तर तेवढ्याने गुणतात. हे उंबरठा उत्पन्न. यंदाचा आकडा त्याच्या खाली गेला तर पैसे, वर राहिला तर राम राम. पाच गुंठ्यांचा अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो, याला पुस्तकात ‘स्टँडर्ड एरर’ म्हणतात. उंबरठ्याच्या आसपासच्या मंडळाला तो एरर लाखांत पडतो. सॅम्पलिंगला स्कोप काय, असं विचारणाऱ्याला इथं बांधावर आणून उभं करावं, डोक्याला रुमाल देऊन.

दोरीच्या त्या तुकड्यामागे एक भांडण आहे आणि त्यातला एक पक्ष आपला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून आले आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक कापणीच्या कामाला लागले. तिकडे बंगालात महालनोबिस खास नेमलेल्या माणसांकडून लहान लहान तुकडे कापून घेत होते. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान, तितकी कडेची झाडं ‘आपलीच’ म्हणून आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं. तुकडा मोठा ठेवा, आणि वेगळी फौज न उभारता गावपातळीवरच्या महसूल नि शेतीखात्याच्या माणसांकडूनच काम करून घ्या, हा त्यांचा आग्रह. तुमच्या बांधावर आज तलाठी (नवं नाव ग्राम महसूल अधिकारी, माणूस तोच) दोरी घेऊन येतो त्यामागे हा वाद आहे. सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. विनायक गोविंद पानसे यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक कृषी विद्यापीठांतली पोरं अजूनही ‘पानसे-सुखात्मे’ म्हणूनच ओळखतात.

वाद मिटला असं समजू नये. कडेचं झाड आत की बाहेर, हा प्रश्न दर खरिपात विमा कंपनीचा प्रतिनिधी एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला असे दोरीपाशी उभे राहून नव्याने लढवला जातो. फरक एवढाच की आता कंपनीला झाड आत हवं असतं.

पायरी ५ : थिअरी की ॲप्लाइड, हे भांडण वर्गाबाहेर ठेवा

पहिल्या सत्रातच वर्गाचे दोन तट पडतात. थिअरीवाले मेजर थिअरीचं पुस्तक काखेत धरून फिरतात, ॲप्लाइडवाले लॅपटॉप. दोघांनाही सी. आर. राव यांची गोष्ट सांगावी. १९४३-४४ च्या सुमारास कलकत्त्यात राव एस्टिमेशन शिकवत होते. मोठ्या नमुन्यासाठी फिशरचा निकाल फळ्यावर होता. एका विद्यार्थ्याने विचारलं, नमुना लहान असला तर असं काही म्हणता येतं का? रावांनी रात्रभर बसून ते सिद्ध केलं आणि ते १९४५ साली छापून आलं. तीच तुमच्या इन्फरन्सच्या पेपरातली क्रामेर-राव असमता. मास्तर आणि विद्यार्थी दोघंही १९२० चे. विद्यार्थ्याचं नाव विनायक महादेव दांडेकर, साताऱ्याचे.

इथं थिअरीवाले टाळ्या वाजवतील. त्यांना थांबवून पुढचं सांगावं. हे दांडेकर म्हणजे गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्याबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास करणारे. आणि १९८४ साली महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलावर ज्या समितीचा अहवाल आला तिचे अध्यक्ष. मराठवाड्यात ‘अनुशेष’ हा शब्द लहान मूलही बोलतं. त्याला आकडा दिला तो या समितीने. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य असं एकेक क्षेत्र घ्यायचं, राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा खाली असेल त्याची तूट पैशात मांडायची. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी.

नवशिक्याने आता पीडीएफ बंद करून कागद घ्यावा. विदर्भ-मराठवाडा वगळून उरलेल्या महाराष्ट्राचाही अनुशेष निघाला, एकूणाच्या सुमारे ३७ टक्के, मराठवाड्यापेक्षा जास्त! कसा? एकक जिल्हा धरला म्हणून. सरासरीच्या वरच्या जिल्ह्याची शिल्लक शेजारच्या खालच्या जिल्ह्याच्या तुटीत वजा होत नाही. एकक ‘विभाग’ धरला असता तर चित्र पालटलं असतं. तालुका धरला असता तर आणखी वेगळं. यावर आपल्याकडे किती सभा झाल्या आणि किती खुर्च्या हलल्या ते सांगायला नको. सभेतल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं असेल की भांडण पैशांइतकंच एककाचं होतं. मोजणाऱ्याने एकक ठरवलं की अर्धं उत्तर ठरलेलं असतं, मग ते पावसाचं मंडळ असो, विम्याचं असो, नाही तर मतदारसंघ. रेणापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, गोपीनाथ मुंडे तिथून निवडून जात. २००८ च्या पुनर्रचनेनंतर तो नकाशावर नाही, रेणापूरकर लातूर ग्रामीणमध्ये मत देतात. माणसं तीच, वावरं तीच, बेरीज दुसरीकडे गेली.

तेव्हा दांडेकरांचं स्पेशलायझेशन काय म्हणायचं, थिअरी की ॲप्लाइड? वर्गात हात वर करायला दोन्ही लागतं. ऑफिशियल स्टॅटिस्टिक्स किंवा डेमोग्राफीचा पेपर तुमच्या यादीत असेल तर त्याला एक चिठ्ठी जास्त टाकावी, हे माझं पक्षपाती मत.

पायरी ६ : शिकवणार कोण

अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये सत्रागणिक चार-पाच इलेक्टिव्ह छापलेले असतात. त्यातला प्रत्यक्षात चालतो कोणता, हे पीडीएफला माहीत नसतं. पुरेसे विद्यार्थी नसले तर पेपर चालत नाही. शिक्षक तासिका तत्त्वावर असतील आणि त्यांना दुसरीकडे पूर्णवेळ जागा मिळाली तर पेपर त्यांच्याबरोबर जातो. म्हणून यादी वाचण्याआधी विभागाच्या दारात उभं राहून कोण कोण आत जातं ते बघावं. विषय मधला पण मास्तर जीव ओतणारा असेल तर तो पेपर घ्यावा. उलट जोडीपासून लांब राहावं, विषय कितीही झळाळता असला तरी. या वाक्याला पुरावा काय असं कुणी विचारलं तर ज्याचं शिकून झालंय अशा कुणालाही विचारा. यावेळी फोन न उचलणाऱ्यांचंही उत्तर हेच येईल.

पायरी ७ : घरी सांगणे

हा भाग सगळ्यात अवघड. ‘सांख्यिकी’ म्हटलं की आजोबा विचारतात, “म्हणजे तलाठ्याचं काम का रं?” पाच गुंठ्यांची गोष्ट आठवा आणि हो म्हणा, त्यात खोटं काही नाही. आत्या विचारते, “कलेक्टर व्हता येतं का?” इथं इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसचं नाव घ्यावं आणि ‘यूपीएससीच घेते’ हे वाक्य ठासून म्हणावं. बाकीचं आत्या स्वतः भरून घेईल आणि लग्नाच्या बायोडेटात लिहील.

त्या परीक्षेतला सांख्यिकीचा चौथा पेपर इलेक्टिव्हच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात सात विभाग: ऑपरेशन्स रिसर्च आणि रिलायबिलिटी, डेमोग्राफी, सर्व्हायव्हल आणि क्लिनिकल ट्रायल, क्वालिटी कंट्रोल, मल्टिव्हेरिएट, डिझाइन, आणि सी व आर मधलं कॉम्प्युटिंग. त्यातले कुठलेही दोन लिहायचे. ज्याला हा रस्ता धरायचा आहे त्याने आपले इलेक्टिव्ह यातल्या दोनाशी जुळवले की एकाच अभ्यासात दोन कामं होतात. ज्याला मास्तर व्हायचं आहे त्याने सीएसआयआर नेट आणि सेटचा गणितीय विज्ञानाचा पेपर बघावा, तिथं सांख्यिकी गणिताच्याच घरात पोटभाडेकरू म्हणून राहते. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याची जिल्ह्याला कचेरी आहे, आणि ती दरवर्षी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. लातूरचं एकदा चाळून बघावं. प्रकल्पाचे दोन-तीन विषय त्या तक्त्यांत आयते पडलेले आहेत आणि आयरिसचं एकही फूल नाही.

अडचणी व निवारण

दोन मित्रांना एकच इलेक्टिव्ह हवा आहे, पण तुम्हाला दुसरा हवा: मैत्री कँटीनला टिकते, पेपर वेगळा घ्यावा. मित्राची झेरॉक्स मिळणार नाही ही भीती खरी आहे, तिच्यावर उपाय नाही.

आर की पायथन: जे लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडतं ते.

प्रकल्पाला डेटा मिळत नाही: मंडळाचा पाऊस, मोंढ्याचा रोजचा भाव आणि पीक कापणीचे आकडे एकत्र आणून बसावं. मिळवताना तीन कचेऱ्यांचे उंबरठे झिजतील. ते फील्ड प्रोजेक्टच्या ४ क्रेडिटमध्ये धरावं.

निवडलेला इलेक्टिव्ह रद्द झाला, उरलेला गळ्यात पडला: मुकाट्याने घ्यावा. पुढे मुलाखतीत ‘हाच विषय का घेतलात?’ असं विचारतील तेव्हा लहानपणापासूनची आवड सांगावी. समोरचे मान डोलवतील, त्यांचाही असाच गळ्यात पडलेला असतो.

आता फॉर्म भरा. शेवटची तारीख काल होती. वाढवली असेल, ग्रुपवर बघा.